कोणता बोअर घ्यावा? आधी कशासाठी घ्यायचं ते तर सांगा

मागच्या आठवड्यात मोंढ्यातला एक ओळखीचा आडत्या घरी आला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. चहा झाला, कापसाच्या भावाचं रडगाणं झालं. मग आवाज खाली करून म्हणाला,

"दादा, लायसन काढू लालोय. तुमचं पोलीस स्टेशनला रोजचं येणं-जाणं. पॉइंट बत्तीस घ्यावी का काही मोठं घ्यावं? पोरं म्हणू लालेत, बत्तीस म्हणजे खेळणं हाय."

मी विचारलं, "कशासाठी पायजे?"

"असावं म्हणून."

मी हसलो नाही. कारण हा माणूस हौशी नाही. सीझनमध्ये रात्री नऊ-साडेनऊला रोकड घेऊन मोटरसायकलवर गावाकडं जातो. मधल्या रस्त्याला ना दिवा ना वस्ती. त्याची भीती खरी आहे. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय. हाच प्रश्न गेल्या वर्षभरात मला चार-पाच जणांनी विचारलाय, आणि सगळ्यांनी तो उलट्या टोकानं विचारलाय. आधी बोअर, मग हात, आणि कशासाठी हे सगळ्यात शेवटी. किंवा नाहीच.

आधी कायद्याचं बघू, कारण मोबाईलवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून आपली पोरं जे बोलतात त्यातलं निम्मं इथं लागूच नाही.

फौज आणि पोलीस वापरतात ते ९ मिमीचं काडतूस ज्या पिस्तुलात बसतं, ते पिस्तूल आपल्याकडं सामान्य माणसासाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. जुन्या सरकारी .३८० आणि .४५५ रिव्हॉल्वरच्या काडतुसांचंही तेच. हे परवाने जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. ते दिल्लीत गृह मंत्रालयाच्या हातात असतात आणि फार थोड्यांना मिळतात. त्यामुळं परभणीच्या माणसानं "नाईन एमएम घेतो" म्हणणं म्हणजे नुसत्या गप्पा. कलेक्टर ऑफिसातून परवाना निघालाच, तर व्यवहारात निवड बहुतेक वेळा .३२ वर येऊन थांबते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वर, नाहीतर ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं .३२ पिस्तूल. दोन्हींना लोक "बत्तीस"च म्हणतात, पण काडतुसं वेगळी. रिव्हॉल्वरचं लांब आणि बुडाला काठ असलेलं, पिस्तुलाचं आखूड. या आखूड काडतुसालाच ७.६५ म्हणतात. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये हा आकडा नेहमी येतो, त्याच्याकडं पुढं वळतो.

आता "बत्तीस म्हणजे खेळणं" या वाक्याबद्दल.

बोअरचा आकडा म्हणजे नळीची, गोळीची जाडी. .३२ म्हणजे इंचाचे शंभरातले बत्तीस भाग, साधारण ८ मिमी. .२२ म्हणजे साडेपाच मिमीच्या वर थोडं. हा आकडा ताकद सांगत नाही. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या दोन काडतुसांच्या गोळीची जाडी एकच असते, पण मॅग्नमचा दणका कितीतरी जास्त, कारण त्यात गोळी फार वेगानं सुटते. विहिरीवरच्या पाइपाची जाडी बघून कोणी मोटारीचा एचपी सांगत नाही, तसंच हे.

ताकद ठरते गोळीच्या वजनावर आणि वेगावर. आणि जी ताकद पुढं जाते तीच मागं तुमच्या मनगटावर येते. शाळेत न्यूटनचा तिसरा नियम पाठ केला होता ना, तोच. ढोबळ हिशोब सांगतो. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला ३०० मीटर. रिव्हॉल्वरच्या .३२ ची गोळी सव्वासहा ग्रॅमची, वेग सेकंदाला २०० मीटरच्या थोडा वर. ९ मिमीची गोळी साडेसात-आठ ग्रॅमची आणि वेग ३५० मीटर. वजन गुणिले वेग करून बघा. ९ मिमीचा मागचा झटका .३२ रिव्हॉल्वरच्या साधारण दुप्पट भरतो. .४५ आणि .३५७ मॅग्नम तर त्याच्याही पुढं.

यात हत्याराचं वजनही येतं. हत्यार हलकं तितका झटका जास्त जाणवतो. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्यानं "निर्भीक" नावाचं .३२ रिव्हॉल्वर बायकांसाठी म्हणून काढलं. वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. वागवायला हलकं, हे खरं. पण तेच काडतूस जड रिव्हॉल्वरमधून मारलं तर हात कमी उडतो, हे जाहिरातीत कोण सांगणार? आणि सव्वा लाखाचं रिव्हॉल्वर आपल्याकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या, एसटीनं कॉलेजला जाणाऱ्या कोणत्या बाईला परवडणार होतं, हा प्रश्न तेव्हाही होता.

झटक्याचं मी ऐकीव सांगत नाही. कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ रायफल मारली होती. तिला झटका असा नाहीच. त्या भरवशावर पुढं काही वर्षांनी एका रायफल क्लबवर, मित्राच्या ओळखीनं, .३२ रिव्हॉल्वर हातात घेतलं. पहिली गोळी कागदाच्या मधोमध लागली. मला वाटलं, आपण तर जन्मजात नेमबाज. दुसरी खाली, तिसरी आणखी खाली, चौथी कागदाच्या बाहेर मातीत. तिथले शिकवणारे फौजेतून रिटायर झालेले सुभेदार होते. काही बोलले नाहीत. रिव्हॉल्वर घेतलं, चक्रीत मला न दाखवता दोन-तीन रिकाम्या पुंगळ्या घालून परत दिलं. मी चाप ओढला, घोडा पडला, नुसतं 'टक' वाजलं. गोळी नव्हती, झटका नव्हता, तरी नळी चांगली दोन बोटं खाली गेली होती. सुभेदार म्हणाले, "हत्यार नाही हललं. तुम्ही हलवलं."

म्हणजे पहिल्या गोळीनंतर माझं मनगट झटक्याची वाट बघायला लागलं होतं. चाप ओढायच्या आधीच हात स्वतःहून खाली दाबत होता. ही सवय मोडायला शेकडो गोळ्या लागतात. आणि हे .३२ वर, ज्याला आपली पोरं खेळणं म्हणतात. समोर कोणी नाही, उजेड चांगला, कानाला पट्टा, हाताला घाम नाही, अशा वेळी ही गत. मग अंधारात काय होईल?

तुम्ही म्हणाल, हे आपल्यासारख्या नवख्यांचं झालं, सराईत माणसाला मोठंच हत्यार पाहिजे. तर एक गोष्ट अमेरिकेतली सांगतो, जिथं बंदुका आपल्याकडच्या मोबाईलसारख्या मिळतात. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एफबीआयचे दोन माणसं मेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिमीची गोळी लागली होती, पण ती हृदयाच्या अलीकडं थांबली आणि तो लढत राहिला. खापर फुटलं ९ मिमीवर. मोठं काडतूस पाहिजे म्हणून १० मिमी आणलं. झालं काय? झटका इतका की बऱ्याच जणांचा नेमच बसेना. मग त्यात बारूद कमी केली, मग .४० नावाचं आखूड काडतूस आलं, ते पंधरा-वीस वर्षं चाललं. आणि २०१४ मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागानं लिहून दिलं की बहुतेक माणसं ९ मिमीनं जास्त भरभर आणि जास्त अचूक मारतात, गोळ्याही आता सुधारल्यात, परत ९ मिमीवर या. सरकारी खर्चानं बारा महिने सराव करणारी माणसं मोठ्या बोअरकडं गेली आणि झटक्यामुळं परत फिरली. आपला आडत्या वर्षातून किती गोळ्या मारणार? दसऱ्याला पूजा करेल, तेवढंच.

आता कामाचं बघू. काम ठरलं की बोअर आपोआप ठरतो.

खेळ असेल तर .२२. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सोनं आणलं, ते .२२ वर. तिथं झटका जितका कमी तितकं चांगलं, कारण एकामागून एक गोळी त्याच जागी जायला पाहिजे. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना खरंच नेमबाजीची आवड असेल तर एअर पिस्तूलपासून सुरुवात करावी. त्याला मी स्वतः सोबत येईन.

बँकेच्या दारातल्या वॉचमनकडं बारा बोअर असते. लांब नळी, खांद्याला दणका, पण ती सगळ्यांना दिसते. त्याचं निम्मं काम दिसण्यानंच होतं.

पिकाची राखण म्हणाल तर पिस्तुलाचा उपयोग शून्य. जिंतूर, सेलू, गंगाखेडकडं रोही आणि रानडुकरांनी शेतकरी रडकुंडीला आलाय, हे मी किती वेळा छापलंय. पण रात्री हरभऱ्यात शिरलेल्या डुकरावर रिव्हॉल्वर चालवणं म्हणजे पलीकडच्या धुऱ्यावर झोपलेल्या माणसावर चालवणं. शिवाय वन्यजीव कायदा आहे, वन खात्याच्या परवानगीशिवाय जनावर मारता येत नाही. तिथं मागायचं ते कुंपण आणि वेळेवर नुकसानभरपाई.

पोलिसांचं काम वेगळं. त्यांना गुन्हेगाराच्या मागं जावं लागतं, ९ मिमी त्यांच्यासाठी आहे.

राहिली स्वसंरक्षणाची गोष्ट. माझ्या आडत्याचा अर्ज याच रकान्यात. मी त्याला उठून उभं केलं. म्हणलं, तू गाडीवर हायेस, दोन्ही हात हँडलला. समोरून दोघं आले, एकानं गाडी आडवी घातली, दुसऱ्याच्या हातात कत्ती. तुझं रिव्हॉल्वर शर्टाच्या आत, कमरेला. काढ बरं. त्यानं मोबाईल खिशातून काढून दाखवायचा प्रयत्न केला. शर्ट अडकला. मी मोजत होतो, चार सेकंद लागले. चार सेकंदांत ती माणसं तुझ्या अंगावर असतात, आणि तुझं लाखाचं हत्यार त्यांच्या हातात.

बरं, काढलं आणि मारलं, तरी गोष्ट तिथं संपत नाही. स्वतःच्या बचावाचा हक्क कायद्यानं दिलाय, आधी दंड संहितेत होता, आता न्याय संहितेत आहे. पण बचावाला लागेल तेवढंच बळ, त्याहून जास्त नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी गेली तर बॅग वाचेल आणि माणूस कोर्टात जाईल.

आणि उरलेल्या तेवीस तासांचं काय? हत्यार घरात असतं. कपाटात, उशीखाली, लेकरांच्या हाताला येईल तिथं. १ ऑक्टोबर २०२४ ची बातमी आठवा. नट गोविंदाच्या पायाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी लागली. पहाटे, घरात, कोणी हल्लेखोर नाही. एवढ्या मोठ्या माणसाकडं होऊ शकतं, तर दोन खोल्यांच्या आपल्या घरात नाही होणार?

मी त्याला म्हणलं, एवढं ऐकूनही घ्यायचंच असेल, तुझा हक्क आहे, अर्ज कर. मग .३२ रिव्हॉल्वर घे. मोठं नको आणि फार हलकंही नको. पोलादी, हातात भरणारं घे. मूठ तुझ्या पंजाला बसते का बघ, चाप एका बोटानं न थरथरता ओढता येतो का बघ. २०१६ च्या नियमांनी सुरक्षिततेचं प्रशिक्षण सांगितलंय, ते नुसतं सर्टिफिकेटपुरतं उरकू नको. माझी फूटपट्टी साधी आहे. सात पावलांवर जेवायचं ताट टांग. दहातल्या दहा गोळ्या ताटात जात नाहीत तोवर हत्यार घराबाहेर काढू नको. आणि घरी कुलपात ठेव, काडतुसं वेगळ्या कुलपात.

पण त्याआधी हे करून बघ. रोकड त्याच दिवशी बँकेत भर. जमेल तेवढं पेमेंट खात्यावर घे. एकटा निघू नको, वेळ आणि रस्ता बदलत राहा. आणि तुम्ही सगळे आडते मिळून एसपी साहेबांना निवेदन द्या, की सीझनमध्ये बाजार सुटायच्या वेळी त्या रस्त्यावर गस्त पाहिजे. निवेदन मी लिहून देतो, बातमीही करतो.

मग मी त्याला आकडे सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनानंतर अंजली दमानिया यांनी शस्त्र परवान्यांची संख्या पुढं आणली होती. बीड जिल्ह्यात १,२२२. अमरावती ग्रामीणमध्ये २४३. आणि आपल्या परभणीत ३२.

बीड आणि आपण शेजारी. मधी फक्त गोदावरी. सोयरीक तिकडची इकडं, ऊसतोडीच्या टोळ्या तिकडच्या इकडं. तेच ऊन, तीच जमीन, तीच गरिबी. मग तिकडं बाराशे आणि इकडं बत्तीस का? बीडच्या माणसाला चाळीस पट धोका होता का? नव्हता. तिथं हत्यार कामासाठी नाही, वजनासाठी घेतलं गेलं. कमरेला लावून मिरवायला, मिरवणुकीत हवेत उडवायला, व्हिडिओ काढायला. खुनानंतर बोभाटा झाला, तेव्हा प्रशासनानं शंभराहून जास्त परवाने रद्द केले. म्हणजे देताना जो प्रश्न विचारायला पाहिजे होता, तो एका सरपंचाचा जीव गेल्यावर विचारला गेला.

हे सगळं ऐकून आडत्या काय म्हणाला माहितीये?

"बत्तीसच जणांकडं हाय का दादा आपल्याकडं? मग तर वजन पडंल."

बघा. अर्ध्या तासापूर्वी तो रस्त्याच्या अंधाराला भीत होता. ती भीती खरीच होती, पण तिच्या खाली हे दुसरं कारण बसलेलं होतं. मला त्याचा राग आला नाही. ज्या समाजात मागं चार पोरं आणि कमरेला 'घोडा' असलेल्यालाच अण्णा म्हणतात, तिथं त्यानं दुसरं काय शिकावं? पण वजनासाठी हत्यार घ्यायचं असेल तर बोअर, झटका, मूठ, चाप यातलं काहीच बघायची गरज नाही. त्याला लाकडाचं घेतलं तरी चालतं.

आता ते ७.६५. आपल्याकडं गावठी कट्टा पकडला की प्रेसनोटमध्ये ठरलेली ओळ असते, "पितळी जिवंत काडतुसे, त्यावर केएफ ७.६५ असे कोरलेले." केएफ म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा सरकारी दारूगोळा कारखाना. कट्टा सातपुड्यातल्या उमर्टीसारख्या ठिकाणाहून येतो, हे आपण वर्षानुवर्षं छापतोय. पण काडतूस कोणत्या जंगलात बनत नाही. सरकारी कारखान्यात बनलेलं, परवानाधारकासाठी दुकानात आलेलं काडतूस विनापरवाना कट्ट्यात कसं पोचतं? एका प्रेसनोटमध्येही मी याचं उत्तर वाचलेलं नाही. एवढी वर्षं मीही ती ओळ तशीच टाईप करत गेलो आणि विचारलं नाही, ही माझीही चूक. परवाने वाढले की कायदेशीर काडतुसं वाढतात, आणि हिशोब ढिला असेल तर तीच काडतुसं दुसरीकडं निघतात.

म्हणून प्रशासनाला तीन गोष्टी सांगायच्यात.

एक, जिल्ह्यात किती परवाने, कोणत्या तालुक्यात, कोणत्या कारणासाठी, याची नावाशिवाय यादी दरवर्षी जाहीर करा. बत्तीसचे किती झाले, हे आम्हाला माहिती अधिकारात का विचारावं लागावं?

दोन, अर्जातला उद्देशाचा रकाना गांभीर्यानं वाचा. "स्वसंरक्षण" हा एक शब्द पुरेसा धरू नका. कोणापासून, कुठं, कधी, आणि पोलिसांनी आधी काय केलं, हे विचारा. नूतनीकरणाला आलेल्या माणसाला रेंजवर उभं करून दहा गोळ्या मारायला लावा. ज्याला मारता येत नाही त्याच्या कमरेचं हत्यार शेजाऱ्याला धोका आहे.

तीन, काडतुसांचा हिशोब घ्या. किती घेतली, किती वापरली, पुंगळ्या कुठं आहेत. कट्ट्यासोबत केएफ सापडलं की तपास दुकानापर्यंत न्या.

आणि आपल्या लोकांना एकच. लग्नात, वरातीत कोणी हवेत गोळी झाडली तर टाळ्या वाजवू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लोकांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार आनंदात केला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती कोणाच्या लेकरावर येईल हे उडवणाऱ्याला माहीत नसतं.

आडत्याचा अर्ज अजून त्याच्या गल्ल्यात आहे. भरायचा की नाही, ते तो ठरवेल. निवेदनाचा कागद मात्र मी लिहून दिलाय, त्यावर कालपर्यंत अकरा आडत्यांच्या सह्या झाल्यात. सोमवारी एसपी ऑफिसला जायचंय. मोंढ्यातल्या ज्यांना सोबत यायचं त्यांनी सकाळी साडेदहाला या.